मावशी नावाचा सांगाडा

आमच्या शेजारच्या वेल्डरच्या लग्नाचा फोटो त्याच्या घरात अजून भिंतीवर आहे. नवरी लख्ख आली आहे, कानातल्याचे खडेसुद्धा दिसतात. आणि तिच्या शेजारी कोट घातलेला थोडा धूर आहे. फोटोवाला बिचारा 'हलू नका, हलू नका' म्हणून घसा सुकवत होता. तो धूर म्हणजे आमचा भिरभिऱ्या.

खरं नाव वेगळं आहे, पण त्याची आई गेल्यापासून ते कुणी वापरलेलं मला आठवत नाही. हा माणूस चहा चालत पितो, जेवताना मीठ आणायला उठतो आणि येताना खिडकीचं बिजागर बघून येतो. न्हावी म्हणायचा, याचे केस कापणं म्हणजे धावत्या घोड्याला नाल ठोकणं. एकदा त्याला ताप आला तेव्हा डॉक्टरांनी काचेची नळी तोंडात धरायला सांगितली, तर हा ती तोंडात धरून दवाखान्याबाहेर जाऊन फाटक किती गंजलंय ते बघून आला. आता डॉक्टरांनी हसावं की रागवावं? त्यांनी फाटकाचं काम त्याला दिलं.

पण एक आहे. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा ओढला आणि हातात रॉड धरला, की हाच माणूस दगड व्हायचा. खांदा हलायचा नाही, मनगट हलायचं नाही, माशी बसली तरी बसू देईल. जोडाची शिवण अशी सरळ जायची की बघत राहावं. मुखवटा वर केला की पुन्हा भिंगरी.

माझं सुतारकामाचं दुकान आणि त्याचं वेल्डिंगचं, मध्ये एका विटेची भिंत. तीस-पस्तीस वर्षं मी त्याच्या ठिणग्यांच्या वासात रंधा मारला आहे, त्यामुळे जे सांगतो ते ऐकीव नाही.

त्याची एक पद्धत होती. दुकानात आलेल्या प्रत्येक कामाला तो नाव द्यायचा आणि खडूने त्या लोखंडावर लिहायचा. खडू कायम कानावर. गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नसे, कामाचा स्वभाव लिहायचा. शाळेतला कुरकुरणारा झोपाळा आला, त्यावर लिहिलं 'रडका'. एक खिडकीची जाळी कुठल्याच बाजूने काटकोनात बसेना, ती झाली 'भांडकुदळ'. डॉक्टरांच्या फाटकावर 'घाई'. मी म्हटलं, "अरे, आकडे टाक की. एक, दोन, तीन."

"आकडा ऐकत नाही, दादा," तो म्हणाला. "नाव दिलं की लोखंड ऐकतं."

यावरून एकदा भांडण झालं होतं. एका व्यापाऱ्याच्या जिन्याच्या कठड्यावर याने 'चिंगूस' लिहिलं, कारण त्या कठड्याला पाइप कमी पडत होता. व्यापारी नेमका रंग बघायला आला. दुकान डोक्यावर घेतलं त्याने. "मी चिंगूस?" "तुम्ही कशाला, कठडा." "कठडा कुणाचा?" असं अर्धा दिवस चाललं. शेवटी मावशी मध्ये पडल्या. व्यापाऱ्याला म्हणाल्या, "बाळा, तुला बोलला असता तर तुझ्या तोंडावर लिहिलं असतं. लोखंडावर लिहिलंय ना? मग चहा घे." व्यापारी चहा घेऊन गेला.

आता या मावशी कोण, ते सांगितलं पाहिजे, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

भिरभिऱ्याच्या बायकोच्या त्या सख्ख्या मावशी. त्यांचे यजमान तरुणपणीच गेले, मूलबाळ नाही. मग बहीण गेली, मागे एवढीशी मुलगी टाकून. मावशी पंधरा दिवस सांभाळायला म्हणून आल्या आणि राहिल्या. त्या मुलीची वेणी घालण्यापासून तिचं लग्न ठरवण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. मुलगी बघायला भिरभिऱ्या आला तेव्हा त्याने अट घातली होती. बसून नाही, दारात येरझारा घालत. "मावशी आमच्याकडे राहणार असतील तर होकार." मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी एका जागी उभा राहून दाखव." त्याला ते काही जमलं नाही, लग्न मात्र जमलं.

मावशी उंच. मान त्याहून उंच, आणि वर छोटंसं डोकं, पांढऱ्या केसांची सुपारीएवढी गाठ. चालायच्या संथ, पण त्या खोलीत आल्या की खोलीने जरा सरकून घेतल्यासारखं वाटायचं. आणि दिवसभर पाला खायच्या. मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं, गाजराचे शेंडे, जे बाकीचे टाकून देतात ते. परसात उभ्या राहून कच्चंच. आमच्या भिंतीवरून आधी मान यायची, मग प्रश्न यायचा, आणि त्यानंतर पुष्कळ वेळाने मावशी यायच्या.

एक गोष्ट त्यांच्यासमोर बोलायची नाही, असा घराचा नियम होता. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला तो ठाऊक नव्हता. त्याने एकदा मोठ्या कौतुकाने मान डोलवली आणि म्हणाला, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काय खोटं नाही." मावशींनी कप खाली ठेवला. "माझी बहीण मेली म्हणून मला मोठं करू नकोस," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. चहा तसाच राहिला. चहावाल्याने पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे पैसे मागितले नाहीत.

तर अशा या मावशी. आणि ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्या आपली लोखंडी पेटी घेऊन दुकानात आल्या. पेटीची कडी तुटली होती.

"जावईबापू, एवढी कडी लावून दे. घाई नाही, पण दे."

"कुठे निघालात?"

"पुतण्याचा फोन आला होता. नवं घर बांधलंय त्यानं. 'काकू, इकडे या' म्हणतो. इथली पोरं आता मोठी झाली, आपापली जेवतात, आपापली झोपतात. माझं काय काम उरलंय इथे?"

भिरभिऱ्याने पेटी कोपऱ्यात ठेवली. त्यानंतर त्याने शहरातली सगळी फाटकं जोडली, पण त्या पेटीला हात लावला नाही. रोज तिच्याजवळून जायचा, पायाने थोडी आत ढकलायचा. दुकानातल्या प्रत्येक लोखंडावर खडूचं नाव होतं, फक्त तिच्यावर नव्हतं. मी एकदा विचारलं, "हिचं काय नाव?" तर म्हणाला, "हिला नको." आणि काहीतरी आणायला बाहेर गेला.

त्याच सुमाराला संग्रहालयाचं काम आलं.

गावाबाहेरच्या दगडखाणीत एका जनावराची हाडं निघाली होती, ती काढून, साफ करून संग्रहालयाच्या मागच्या कोठारात ठेवली होती. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी मेलेलं जनावर. तिथे एक बाई होत्या, त्यांचं सगळं आयुष्य असल्या हाडांत गेलेलं, म्हणून आम्ही त्यांना हाडांच्या बाई म्हणायचो. त्यांनाही ते चालायचं. त्यांना हा सांगाडा उभा करायचा होता, म्हणजे आतून लोखंडी चौकट हवी होती, हाडाला भोक न पाडता खालून धरणारी. अस्सल हाडं आमच्या दुकानांत आणणं शक्य नव्हतं. तेव्हा ठरलं की सुताराने लाकडात हाडांचे साचे करायचे आणि वेल्डरने त्या साच्यांवर लोखंड बसवून घ्यायचं. असे आम्ही दोघे त्यात आलो.

पहिल्या दिवशी बाईंनी मानेची हाडं कोठाराच्या फरशीवर ओळीने मांडून दाखवली. ओळ एका भिंतीपासून निघाली आणि दुसऱ्या भिंतीला वळसा घालून दारापर्यंत आली. पाय म्हणजे चार खांब. शेपूट तेवढीच लांब. आणि या सगळ्यावर डोकं किती, तर घोड्याच्या डोक्याएवढं.

बाई सांगत होत्या, "हा पालेखाऊ प्राणी. मांस नाही, काही नाही. आणि चावतसुद्धा नव्हता. दातांनी पाला ओरबाडायचा आणि गिळायचा. एवढं अंग पोसायचं म्हणजे दिवसभर तेच काम. फारसं फिरावंसुद्धा लागत नसेल, एका जागी उभं राहून मान इकडून तिकडे न्यायची."

भिरभिऱ्या त्या मानेच्या बाजूने चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, ही तर आमची मावशी."

मला हसू आवरेना. बाईंना वाटलं, मला खोकला लागला. त्यांनी पाणी दिलं.

जनावराचं खरं नाव बाईंनीच ठेवलं होतं, कारण या जातीचं दुसरं कुठे सापडलं नव्हतं. जुन्या परक्या भाषेतलं नाव, इतकं लांब की घेताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे. "याचा अर्थ जड पावलांचा, शांत मानेचा," त्या म्हणाल्या. भिरभिऱ्याने ते दोनदा म्हणून बघितलं, तिसऱ्या वेळी जीभ चावली. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात पाइपांवर खडूने लिहिलेलं मी वाचलं: मावशी मान. मावशी खांदा. मावशी डावी मांडी. आणि कमरेचं मोठं जाड जोडकाम, ज्यावर सगळा भार येणार होता, त्यावर: मावशी बूड.

"बूड?" मी म्हटलं.

"मग काय म्हणू? बूडच आहे. तळाला आहे, जड आहे, त्यावर सगळं बसतं."

इथपर्यंत ठीक होतं. खडू पुसला गेला असता आणि आम्ही दोघं म्हातारपणी हसलो असतो. पण लोखंडाला गंज चढू नये म्हणून आधी रंग द्यायचा होता, आणि रंगाखाली खडू राहत नाही. जोडणारे लोक संग्रहालयाचे, त्यांना कुठला तुकडा कुठे हे कळायला हवं. तेव्हा या शहाण्याने काय केलं, तर अक्षरांचे पोलादी ठसे आणले आणि हातोड्याने प्रत्येक तुकड्यावर नाव ठोकलं. टण्, टण्, टण्. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. मला वाटलं, आकडे ठोकतोय.

जोडणी सुरू झाली आणि दोन दिवसांत संग्रहालयातले हमाल, रंगारी, झाडूवाली, सगळे बोलायला लागले. "मावशीचा खांदा इकडे घ्या." "मावशीला जरा डावीकडे." एका शाळेची मुलं बघायला आली, त्यांच्या शिक्षिकेने जनावराचं नाव विचारलं. रंगाऱ्याने शिडीवरूनच सांगितलं, "मावशी." मुलं एकदम खूश. एक मुलगी तर जाताना त्या हाडांना हात हलवून 'येते मावशी' म्हणाली. हाडांच्या बाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, की दर्शनी पाटीवर लांब नाव वर बारीक, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मावशी'. माहितीपत्रकावर तेच, दारावरच्या फलकावर तेच. आणि उद्घाटनाला काम करणाऱ्या सगळ्यांनी घरच्या माणसांना घेऊन यायचं, पुढच्या रांगेत.

त्या दिवसापासून भिरभिऱ्याचं काही खरं राहिलं नाही. आधी भिरभिरायचा तो सवयीने, आता धास्तीने. माझ्या दुकानात यायचा, ओंडक्यावर टेकायचा, टेकल्या टेकल्या उठायचा.

"दादा, त्यांना कळलं तर?"

"काय कळलं तर?"

"की एवढ्या अवजड, पाला खाणाऱ्या, मेलेल्या जनावराला मी त्यांचं नाव दिलं. आधीच निघायच्या गोष्टी करतायत. पेटी तिथे पडलीय. म्हणतील, मला हाडं समजलास? मग काय मी थांबवणार?"

"बाईंना सांग, नाव बदला."

तो गेला. मी त्याच्याबरोबर होतो, नाहीतर तो वाटेतच दुसरीकडे वळला असता. बाईंपुढे उभा राहून म्हणाला, "नाव दुसरं घेऊ या. डोंगऱ्या ठेवा. नाहीतर पालेखाऊ. आजोबा ठेवा, आजोबा छान आहे."

"मावशीच छान आहे," बाई म्हणाल्या. "नर की मादी ते या हाडांवरून नक्की सांगता येत नाही, पण मुलं घाबरत नाहीत हे महत्त्वाचं. आणि पत्रकं छापायला गेली. आमच्या शास्त्रात तर नियमच आहे, पहिलं छापलेलं नाव टिकतं. पुढे त्याहून चांगलं सुचलं म्हणून बदलता येत नाही."

"म्हणजे कायमचं?"

"तो नियम लांब नावाला. पण लोकांच्या तोंडात बसलेलं नाव त्याहून चिवट." मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "का हो, तुमच्या ओळखीत कुणी मावशी आहेत का?"

"सगळ्यांनाच असते एखादी," भिरभिऱ्या म्हणाला, आणि आम्ही निघालो.

मग त्याने ग्राइंडर उचलला. ठसेच घासून टाकू म्हणाला, पाटीचं पुढे बघता येईल. मानेच्या पाइपाजवळ शिडी लावली, मुखवटा ओढला, यंत्र सुरू केलं, आणि तिथेच थबकला. मुखवट्याआड त्याला कामातलं सगळं दिसायचं. ठसा होता तिथेच मानेचा भार सगळ्यात जास्त होता. घासून पाइप पातळ केला असता तर आज ना उद्या मान खाली. वेल्ड भरावं तर शेजारी हाड, त्याला आच लागली असती. तो खाली उतरला. दुसऱ्या दिवशी काळा रंग जाड लावून बघितला. रंग अक्षरांच्या खोबणीत असा बसला आणि वरच्या दिव्यात असा चमकला, की आधी जे जवळून दिसायचं ते आता दारातून वाचता यायला लागलं. रंगारी म्हणाला, "वा, उठाव आला."

शेवटी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी तिथे होतो, कारण तो मला सोबत घेऊनच गेला होता.

"अहो, तुम्ही माझ्या मावशीचं नाव हाडांना दिलंत?"

"प्रेमाने दिलं."

"काय काय ठोकलंय?"

"मान. खांदा. मांडी." मग दाराकडे सरकत, "बूड."

तिने निवडणं थांबवलं. मला वाटलं, हातातली जुडी आता त्याच्या डोक्यात. पण तिचे डोळे भरले. "तिला वाटतंच आहे की ती इथे अडगळ झाली. काल मला म्हणाली, तुझी आई असती तर गोष्ट वेगळी, मी काय, मावशी. आता तुम्हीच सांगा तिला, तिने तिथे जाऊन वाचायच्या आधी."

सांगायला तो गेला. खरंच गेला. मावशी परसात उभ्या, हातात मुळ्याचा पाला.

"मावशी, ते उद्घाटन..."

"कपडे काढून ठेवलेत मी."

"नाही, म्हणजे गर्दी असते तिथे."

"मला काय गर्दी खाते?"

"फार वेळ उभं राहावं लागेल."

"तू मला उभं राहायला शिकवतोस?" मावशी म्हणाल्या. "आणि पेटीचं काय झालं?"

पेटीचं नाव निघालं की याला दार दिसायचं. "बघतो," म्हणाला आणि परत आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांनी त्याला परसातल्या नळाची गळती दाखवली, आणि तो नळ दुरुस्त करूनच आला. तिसऱ्यांदा त्या झोपल्या होत्या, आणि त्याला इतकं हायसं वाटलं की शिट्टी वाजवत आला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मोठ्या दालनात पांढऱ्या कापडाखाली जनावर उभं, आणि खुर्च्या. मावशी पुढच्या रांगेत, ठेवणीतले कपडे, मान ताठ. शेजारी भाची. तिच्यापलीकडची भिरभिऱ्याची खुर्ची रिकामी. तो खांबामागे होता, मग दारात, मग दुसऱ्या खांबामागे. पाहुण्यांनी भाषण केलं, त्यात लांब नाव घ्यायला गेले, अर्ध्यात अडकले, पाणी प्याले, आणि 'आपला हा भव्य मित्र' म्हणून सुटका करून घेतली. मग कापड ओढलं.

आम्ही ते तुकड्या-तुकड्याने केलं होतं, तरी माझाही श्वास अडकला. मान छताकडे गेलेली, शेपूट जमिनीला न टेकता मागे तरंगलेली. टाळ्या झाल्या. लोक उठले. मावशीही उठल्या आणि संथपणे सरळ पाटीपाशी गेल्या. त्या वाचायच्या मोठ्याने, अक्षर सुटं करून, जसं आमच्या वेळच्या शाळेत शिकवायचे तसं.

"मा. व. शी." मग वर बघितलं. "ही कोण?"

हाडांच्या बाई जवळ होत्या. "हिचं शास्त्रातलं नाव अवघड आहे, आजी. म्हणून सगळे मावशी म्हणतो."

"कुणी ठेवलं?"

"आमच्या वेल्डरनी. ते बघा, खांबामागे."

खांबामागून भिरभिऱ्या बाहेर आला. आणि मी शपथेवर सांगतो, मुखवट्याशिवाय तो स्थिर उभा राहिलेला मी तेव्हाच पाहिला. एक बोटसुद्धा हललं नाही. फोटोवाला शेजारीच होता, त्याने लगेच एक काढून घेतला.

मावशींनी त्याच्याकडे बघितलं, मग मानेकडे, मग पायांकडे. "काय खायची ही?"

"पाला," बाई म्हणाल्या. "दिवसभर."

"हं." मावशींनी आणखी एकदा भिरभिऱ्याकडे बघितलं. "पोरं होती हिला?"

बाईंनी पलीकडची काचेची पेटी दाखवली. "खाणीत हिच्या अगदी जवळ एका पिल्लाची थोडी हाडं सापडली. याच जातीचं. पण ते हिचंच असेल असं आम्हाला सांगता येत नाही."

मावशी पेटीपाशी गेल्या. एवढंसं पाऊल, दोन-तीन फासळ्या.  भाची त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती, तिला हात पुढे करायचा होता आणि होत नव्हता.

"हिचं कशाला असायला हवं?" मावशी म्हणाल्या. "बहिणीचं असेल. मावशी म्हणता ना हिला?"

"असू शकतं," बाई हळूच म्हणाल्या. "आम्हाला ते कधी कळणार नाही."

"कळून काय करायचंय. जवळ होती ना."

 भाचीने मागून त्यांचा पदर धरला, लहानपणी धरत असेल तसा. मावशींनी तिच्याकडे न बघता तिच्या हातावर हात ठेवला आणि तिला घेऊनच जनावराच्या कडेने चालायला लागल्या, एकेक ठसा वाचत. मावशी मान. मावशी खांदा. मावशी डावी मांडी. भिरभिऱ्या जागचा हलला नाही, पण त्याचा चेहरा त्यांच्या प्रत्येक पावलाबरोबर उतरत होता, कारण पुढचा तुकडा त्याला पाठ होता. मावशी कमरेपाशी थांबल्या. वाकल्या. वाचलं. या वेळी मोठ्याने नाही. मग सरळ झाल्या आणि सगळ्या दालनात ऐकू जाईल अशा शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, हे घरी बोलू."

घरी मात्र काही बोलल्या नाहीत. संध्याकाळभर तो स्वयंपाकघराच्या दाराशी घिरट्या घालत होता. त्यांनी जेवण केलं, ताट उचललं आणि झोपायला गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मला सकाळी सांगत होता, तेवढ्यात भिंतीवरून मान आली.

"पेटी झाली?"

"आज करतो," भिरभिऱ्या म्हणाला. त्याने पेटी कोपऱ्यातून ओढून काढली, तिच्यावर इतकी धूळ होती की तिचा रंग मला आठवेना. "तुम्ही... कधी निघायचं म्हणताय?"

मावशी वळसा घालून दुकानात आल्या. त्याच्या कानावरचा खडू काढला. फडक्याने झाकण पुसलं आणि त्यावर सावकाश, सुट्या अक्षरांत लिहिलं: पांघरुणं.

"कपाटात मावत नाहीत," त्या म्हणाल्या. "पोरं मोठी झाली तशी पांघरुणं मोठी झाली. उंदीर लागायच्या आत कडी बसव."

"आणि पुतण्या?"

"त्याला कळवलं. म्हटलं, माझ्या नावाचं एक जनावर इथे उभं आहे, त्याच्यावर धूळ बसते. कुणी बघायला नको? चार दिवस येईन राहायला, भाचीला घेऊन." खडू त्याच्या कानावर परत ठेवताना म्हणाल्या, "आणि बुडाचं म्हणशील तर, ते जड आहे म्हणून मान वर आहे, एवढं लक्षात ठेव."

भिरभिऱ्याने मुखवटा ओढला आणि कडीला टाका घातला. मी भिंतीला टेकून बघत होतो. दगडासारखा त्याचा हात त्या दिवशी हलला, आणि शिवण वाकडी गेली. आयुष्यातली एकुलती एक. मुखवटा त्याने बराच वेळ वर केला नाही, आणि आम्हीही कुणी त्याला वर कर म्हटलं नाही.

ती कडी अजून तिरकी आहे. पेटी उघडायची म्हणजे एकाने झाकण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने कडी ओढायची. थंडी पडली की मावशी भाचीला हाक मारतात, भाची नवऱ्याला हाक मारते, आणि तो येतो, अर्थात धावत.